दिवाळी ते होळी, पाणी नाही

जुन्नर,
वैशाख वद्य चतुर्थी, शके १८२९

प्रिय मोहन,

अनेक आशीर्वाद. तुझं माघातलं पत्र पोचलं आणि चैत्रातलंही पोचलं. दोन्हींना उत्तर गेलं नाही, म्हणून तू काळजीत असशील किंवा बापूजी अजून रागावलेत असं समजून गप्प बसली असशील. राग नाही. आम्ही बरेच महिने घरीच नव्हतो, आणि जे घडत होतं ते कार्डावर मावणारं नव्हतं. आज दुकान बंद ठेवून ओसरीवर बसलो आहे. पत्र लांबणार. तुझ्या गुरू महासतीजींना विचारून, सामायिकाची बैठक आटोपल्यावर निवांत वाच. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तुझी आई बरी आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा ती माझ्यासमोर बसून मूग निवडते आहे आणि मी काय लिहितो म्हणून अधूनमधून मान वर करून बघते आहे. पुढं वाचताना मधेच जीव घाबरला, तर हे वाक्य परत वाच.

आपल्या गोळ्याला फुलं आली.

हसू नकोस. मी सुद्धा इतकी वर्षं हसतच होतो. तो घरात आला ते दिवस आठवतात? जावईबापूंना जाऊन काही महिने झाले होते. तू मंचरहून परत आली होतीस आणि रिवाजाप्रमाणं मधल्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात बसून होतीस. जंगलखात्यातले ते म्हातारे साहेब, भीमाशंकरच्या वाटेवरच्या बंगल्यात राहायचे, त्यांचा किराणा आपल्याकडून जायचा. विलायतेला कायमचे निघाले तेव्हा स्वतः दुकानात आले. हातात मातीची कुंडी, कुंडीत मुठीएवढा हिरवा गोळा. खरबुजाला असतात तशा फाका, आणि प्रत्येक फाकेच्या धारेवर काट्यांचे लहान लहान झुपके. मला म्हणाले, "शेट, हा झाड खानसामा फेकून देईल. तुमी ठेवा. वाळूत ठेवा, उन्हात ठेवा. दिवाली ते होली पानी नको. एक थेंब नको." मग दोन्ही तळहात एकमेकांना जोडून, बोटं उघडून दाखवली. एवढं मोठं फूल येतं म्हणे. मी मनात म्हटलं, साहेबाचं वय झालं.

घरात आणला तो तुझ्यासाठी म्हणून नव्हे, कुठं ठेवायचा कळेना म्हणून. पण तू त्या दिवशी किती दिवसांनी काहीतरी विचारलंस: हा कुठला? साहेबांनी सांगितलं होतं ते मी तुला सांगितलं. दक्षिण अमेरिका, ब्राझीलच्या खालचा मुलूख. मग शाळेतला पृथ्वीचा गोल मागून आणला आणि आपण दोघांनी बोट ठेवून बघितलं. आपल्या जुन्नरवर बोट ठेवून खालून वळसा घातला की जवळजवळ पलीकडच्या अंगाला तो मुलूख येतो. आपल्याकडं वैशाखवणवा असतो तेव्हा तिथं थंडी. तू म्हणालीस, "म्हणजे बापूजी, इथं येऊन ह्याला सगळे ऋतू उलटे शिकावे लागले असतील." त्या कोपऱ्यात बसून एवढा लांबचा विचार करणारी पोर माझी आहे, याचंच मला नवल वाटत होतं.

झाडाचं सगळं तूच केलंस. ओढ्यातली जाड वाळू, जुनं कुजलेलं शेणखत थोडं, कुंडीच्या तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे. सकाळचं ऊन मिळेल अशी अंगणातली कडेची जागा. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पण तुझी आई! मारवाडातल्या ज्या गावची ती, तिथं बायका कोसभरावरून पाणी आणायच्या. तिच्या दारातून माणूस, गाय, चिमणी कुणी तहानलेलं जाऊ शकत नाही, मग घरातलं झाड कसं राहणार? तू थंडीत पाणी बंद करायचीस, ती तुझ्या देखत तांब्या ओतायची. म्हणायची, "जीव आहे ना त्यात? मग त्याला तहान असणारच." तुमचा वाद ऐकत मी जेवायचो. गोळा फुगत गेला, नारळाएवढा झाला, अंगाला पिल्लं फुटली, पण फुलाचं नाव नाही. एका श्रावणात तर बुडाशी मऊ पडला. तू तो अलगद उपटलास, सावलीत कागदावर कितीतरी दिवस तसाच उघडा ठेवलास, जखम सुकून टणक झाल्यावर नव्या वाळूत बसवलास. तो जगला. आई म्हणाली, माझ्या पाण्यानं जगला.

मग गेल्या भाद्रपदात तू साध्वी व्हायची आज्ञा मागितलीस आणि मी नाही म्हणालो. तुझ्या सासरच्यांनी होकार दिला होता, महासतीजींनी तुझी पारख केली होती, माझीच आज्ञा तेवढी राहिली होती. मी म्हटलं, अभ्यासाला नगरला जा, हवं तितके दिवस राहा, पण दीक्षेला माझी आज्ञा नाही. तू वाद घातला नाहीस. कुंडी उचलून उन्हात सरकवलीस, हात धुतलेस आणि टांग्यात बसलीस.

दिवाळी होते न होते तोच पेठेत उंदीर पडायला लागले. आधी धान्याच्या वखारीत, मग आपल्या दुकानात, साखरेच्या पोत्यामागं. प्लेग आला, गाव मोकळं करा म्हणून दवंडी फिरली. लोक बैलगाड्या भरून मिळेल तिकडं निघाले. डिंगोऱ्याच्या सयाजीला तू ओळखतेस, बाजाराच्या दिवशी बैल आपल्या दारात बांधणारा. तो न बोलावता गाडी घेऊन आला. म्हणाला, "शेट, इचार कसला करताय? माज्या मळ्यात झोपडी घालून ठिवलीया. चला." अंथरुणं, भांडी, धान्य एवढंच घेतलं. कुंडी घ्यायची म्हणून आई परत आत गेली होती. सयाजी म्हणाला, गाडीत जागा न्हाई. तिनं कुंडीत शेवटचा तांब्या ओतायला उचलला, तेवढ्यात शेजारच्यांकडं रडारड झाली आणि आम्ही तसेच निघालो. दाराला कुलूप लागलं.

मळ्यात कडब्याची झोपडी, समोर हरभऱ्याचं शेत, लांबवर शिवनेरी. पहिले दिवस चांगले गेले असंच म्हणेन. सयाजीची बायको साळुबाई तुझ्या आईशी असं बोलायची की जणू दोघी एका घरात वाढल्या. पौषात एका दुपारी आई म्हणाली, अंग दुखतंय. संध्याकाळी ताप भरला. सकाळी काखेत गाठ दिसली.

मोहन, आता वरचं ते वाक्य परत वाच.

आसपासच्या झोपड्या एका दिवसात रिकाम्या झाल्या. मी कुणाला दोष देत नाही. सयाजीच्या भावकीनंही त्याला सांगितलं, तू बायकोला तिकडं जाऊ देऊ नकोस. साळुबाई आली. मला म्हणाली, "केवलशेट, तुमी भाईर बसा. बाईमाणसाचं बाईमाणसाला करू द्या." मी बाहेर बसलो. तुझ्या आईचं ती सगळं करायची. शेक, लेप, कपडे बदलणं, सगळं. आणि आई, अंगाची लाही होत असताना, सूर्य बुडाला की पाण्याला तोंड लावेना. चौविहार म्हणजे चौविहार. ओठ फुटले, जीभ सुकली. मी हात जोडले. म्हटलं, आजाऱ्याला सूट असते, शास्त्रातच आहे, मी प्रायश्चित्त घेईन तुझ्या वतीनं. ती म्हणाली, "तहान लागलीय ते कळतंय मला. कळू द्या." अंगणातल्या झाडाची तहान जिला बघवत नव्हती ती ही बाई! मी बाहेर येऊन हरभऱ्याच्या बांधावर बसलो आणि मला खरंच राग आला. व्रतांचा, नियमांचा, तुझ्या पोथ्यांचा, सगळ्याचाच. तू ज्या वाटेला निघाली आहेस ती अशी आहे, हे समोर दिसत होतं, आणि माझा नकार दगडासारखा पक्का झाला.

साळुबाई मात्र रागावली नाही. तिनं तुझ्या आईच्या उशाशी बसून सांगितलं, "शेटाणी, तुमचा द्येव लई कडक हाय वं. आमचा भीमाशंकर बगा, रातंदिस डोक्यावर पानी घेतो." त्या तापात आई हसली. मी बाहेरून ऐकलं. आणि रोज सकाळी, पूर्वेकडं सूर्याची कड दिसायच्या आधीच, साळुबाई लोटा भरून दारात उभी. "आला, आला, आला बगा सूर्व्या!" असं ओरडत आत धावायची. त्या पाण्याचे घोट घेताना आईच्या घशाचा आवाज मला ऐकू यायचा. पाणी पिण्याचा आवाज मी जन्मभर ऐकला आहे. असा कधी ऐकला नव्हता.

एक दिवस वाटलं, संपलं. मी कागद काढला. मोहन, असशील तशी निघून ये, एवढंच लिहिणार होतो. आईनं डोळे मिटलेलेच होते, पण कागदाची सळसळ तिला कळली असावी. मनगट धरलं माझं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. म्हणाली, "तिला नका बोलावू. ती येईल. आणि आली की राहील. मी मेले तर तुमच्यासाठी राहील, जगले तर माझ्यासाठी राहील. कुणावर दया येऊन राहिलेलं माणूस मला घरात नको." मी म्हटलं, ती लेक आहे तुझी, तुला बघावंसं वाटत नाही? त्यावर ती जे म्हणाली ते तुला सांगितलंच पाहिजे. म्हणाली, "इतकं वाटतंय की सांगता येत नाही." आणि तरी मनगट सोडलं नाही. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. तुला काही कळलं नाही ते यामुळं.

दोन दिवसांनी गाठ फुटली, ताप उतरला. तालुक्याचा डॉक्टर येऊन बघून गेला, म्हणाला शंभरात थोडे वाचतात, त्यातल्या ह्या. व्रतानं वाचली असं मी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. साळुबाई म्हणते भीमाशंकरानं वाचवली, आणि तिनं बोललेला नवस फेडायला आम्ही तिला महाशिवरात्रीला गाडी करून दिली. तुझ्या आईनं दिव्याचं तेल दिलं. कशानं वाचली ते मला ठाऊक नाही. माघाच्या उन्हात झोपडीबाहेर बाज टाकून ती पडायची, केस गळून गेलेले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, आणि मी नुसता बघत बसायचो. ही आहे, एवढंच.

होळी झाल्यावर घर उघडलं. अंगणात पाचोळा, कोळिष्टकं, आणि कडेला कुंडी. गोळा निम्मा झाला होता. कातडी सुरकुतलेली, फाका आत ओढलेल्या, मातीत अर्धा बुडून बसला होता, रंग राखेसारखा. दिवाळीपासून थेंब नाही. मला वाटलं, आई आता तांब्या आणून ओतणार. ती त्याच्याजवळ टेकली, दोन बोटं त्याच्यावर ठेवली, आणि म्हणाली, "जिवंत आहे. पण एकदम नको. साळूनं मलाही एकदम दिलं नव्हतं." वाटीभर पाणी कडेकडेनं दिलं. मग आठवडाभर काही नाही. मग पुन्हा वाटीभर. गोळा हळूहळू भरत गेला, जसा तिचा चेहरा भरत होता. कुणाच्या सुरकुत्या आधी गेल्या हे मी सांगू शकणार नाही.

चैत्र सरताना त्याच्या अंगावर, काट्यांच्या झुपक्यांपाशी, करड्या लोकरीचे ठिपके दिसले. मला वाटलं कीड. काडीनं खरवडणार होतो, आईनं हात धरला: कीड असली तरी जीव आहे, आणि नसली तर काय आहे ते बघू. ठिपक्यांची बोंडं झाली. केसाळ, राखाडी, उंदराच्या पिल्लासारखी. मग एकदम त्यांनी ओढ घेतली. सकाळी बोटभर होती ती दुसऱ्या सकाळी वीतभर. गोळ्याच्या कुशीतून वर वळलेल्या नळ्याच जणू. त्या काटेरी अंगात एवढं पाणी, एवढा जोर कुठं दडला होता? ज्याला महिनोन्‌महिने कुणी काही दिलं नव्हतं त्यानं हे कुठून आणलं?

अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. संध्याकाळचं जेवण उरकून आई प्रतिक्रमणाचं आसन घालत होती. अजून चांगला उजेड होता, शिवनेरीच्या कड्यावर तांबूस ऊन होतं. मी सहज अंगणात गेलो आणि हाक मारली. ती आसन हातात घेऊनच आली. पाकळ्या उघडत होत्या. बघता बघता उघडत होत्या, मोहन! टोकं आधी थरथरली, मग एकेक मागं वळली. पांढरी, आतून गुलाबी झाक, मधे पिवळ्या केसरांचं कडं आणि गाभ्यात हिरवट चांदणी. साहेबानं दोन तळहात जोडून दाखवलं होतं तेवढं मोठं. एक नाही, पाच. नारळाएवढ्या गोळ्यापेक्षा फुलांचाच पसारा मोठा. आणि वास, अगदी मंद, लिंबाच्या मोहोराची आठवण करून देणारा. शेजारपाजारचे जमले. पागोटं काढावं असं वाटलं मला, आणि मी काढलं. आई मांडी घालून खाली जमिनीवर बसली होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, तू जन्मलीस तेव्हा पाहिलं होतं.

सकाळी बाजाराला म्हणून साळुबाई आली. फुलं अजून उघडीच होती. ती दारातच थबकली. "अगं बया! ह्ये काट्याच्या पोटी व्हतं?" मग महादेवाला एक नेऊ का म्हणून विचारलं. आई म्हणाली, तोडायचं नाही गं, पण महादेवाला सांग बघायला ये म्हणून. दुपारच्या उन्हात सगळी मान टाकून मिटली. कडेची पिल्लं हात लावताच सुटून येत होती, मुळं फुटलेली. त्यातलं एक साळुबाईला दिलं. तिला सांगितलं, जाड वाळू, तळाला खापरं, सकाळचं ऊन, आणि दिवाळी ते होळी पाणी नाही. हे सांगताना आई माझ्याआधी बोलली. साळुबाई म्हणाली, "आन् मया आली तर?" आई म्हणाली, "तरी नाही."

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, मोहनचं काय करायचं. झाडावरून मी धर्म शिकलो असं समजू नकोस. झाड हे झाड आहे. मी विचारलं कारण त्या झोपडीपासून मला तिला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. म्हटलं, तू मरता मरता वाचलीस, आता मुलगी पण जायची, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. पण पोर विचारत नाहीये हो, सांगतेय. विचारते ते तुमचा मान राखायला." मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं ती दुःखानं चाललीय. मी तिला कोपऱ्यात बसलेली रोज बघितलीय. दुःख होतं तेव्हा ती गप्प होती. बोलायला लागली ती शिकायला लागल्यावर." मला ते पृथ्वीच्या गोलावरचं तुझं बोट आठवलं. तुला मी इतके दिवस विधवा मुलगी म्हणूनच बघत होतो. तू त्याच्या किती पलीकडं गेलेली आहेस, हे तुझ्या आईला दिसलं आणि मला दिसलं नाही. तुझी दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. त्यात कुठंही रडणं नाही. आपण कुठं चाललोय ते नीट ठाऊक असलेल्या माणसाचं ते अक्षर आहे. एवढा निश्चय माझ्या घरात वाढला आणि मी हिंगजिऱ्याचे भाव बघत बसलो होतो, याचं नवल मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

म्हणून हे पत्र. मी, केवलचंद, तुझा जन्मदाता, आणि तुझी आई भंवरीबाई, दोघं आपखुशीनं, कुणाच्या दडपणाखाली न येता, तुला दीक्षेची आज्ञा देतो. हा कागद महासतीजींना दाखव. मार्गशीर्षात मुहूर्त धरावा, आम्ही दोघं येऊ. सयाजी आणि साळुबाईही येणार म्हणतात. तिथं तुझं नाव बदलेल, आणि सगळ्यांबरोबर मीही खाली वाकून तुला वंदना करीन. त्या दिवसापासून तू आमची म्हणून राहणार नाहीस, आणि मला तुला 'आपण' म्हणावं लागेल, 'महासतीजी' म्हणावं लागेल. ते मी म्हणेन, मनापासून म्हणेन. पण ते एकदा सुरू झालं की मागं येता येणार नाही, म्हणून आज दुकान बंद ठेवलं आणि एवढं लांबलचक लिहीत बसलो. मोहन, तू. तू, तू, तू. पोटभर म्हणून घेतलं.

तुझाच,
बापूजी